सदतिसाव्या आकड्याला दिसलेलं

माझ्यासारख्या सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं ते लकडगंजमधल्या एका सरांनी. मी मालवणकडचा, तिथल्या लाकूड चिरायच्या आरा मशीनवर लाकडं मोजायला आलेला. मोजणीच्या वहीतलं माझं अक्षर सरांना आवडलं. ऐंशीचं दशक तेव्हा संपत आलं होतं.

सरांनी भंगारातून पडद्यावर चित्रं दाखवणारं एक कार्ड आणलं होतं. बनवणारी कंपनी बंद पडलेली, माहितीचं पुस्तक नाही. सरांची मशीन ज्या सिस्टिमवर चालायची, तिच्या आतला सगळा मजकूर लिहिणाऱ्यानं उघडा ठेवलेला होता. कुणीही वाचावा, बदलावा. पण तिला हे कार्ड ओळखता येईना. म्हणून सर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिहीत होते आणि तो सगळ्यांना फुकट वाटणार होते. आरा मशीनवाल्यांना वाटायचं, सर ट्रक काढताहेत.

सर माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या टर्मिनलवरून कार्डाला एकेक आकडा पाठवायचे. पडद्यावर काय होतं ते मी वहीत उतरवायचो. भर दुपारी खिडक्या झाकलेल्या, आणि ओलीनं मशीन बिघडेल म्हणून कूलर बंद.

एके दुपारी सदतिसावा आकडा गेला आणि काळ्या पडद्यातून मराठी अक्षरं वर आली. आमच्या मशीनमध्ये मराठीचा एक ठिपकाही नव्हता. अ, आ, इ… हातानं काढल्यासारखी, डावीकडे कललेली. शेवटचा ज्ञ अर्धाच. मग सगळं विझलं.

काय दिसलं, सरांनी विचारलं. काहीच नाही, काळं, मी म्हणालो. असलं काही सांगितलं तर अडाणी म्हणून घरी पाठवतील, ही भीती.

त्यानंतर दहा दिवस ड्रायव्हर अडला. अर्धा पडदा नुसता थरथरायचा. कार्ड भंगारात परत देतो, असं सर म्हणायला लागले. कार्डाबरोबर माझंही काम जाणार होतं. शेवटी मी सांगून टाकलं.

सरांनी सदतीस पाठवला. काळं.

"आता खोटं कोणतं गा? तेव्हाचं का आताचं?"

"त्या दिवशी आधी छत्तीस गेला होता सर."

त्यांनी छत्तीस पाठवला, मग सदतीस. अक्षरं आली. सर वळले आणि खुर्चीवरून उठून उभेच राहिले. मग म्हणाले, कुणीतरी मराठी टायपिंगसाठी ही अक्षरं चिपमध्ये कोरून ठेवली असतील; छत्तीसनं तो भाग जागा होतो आणि तसाच राहतो, म्हणून पडदा थरथरतो. ज्ञ अर्धा काहून सोडला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तो भाग झोपवणाऱ्या दोन ओळी वाढवल्यावर ड्रायव्हर चालला.

"उद्यापासून दहाले ये," सर खोलीची किल्ली देत म्हणाले. "मले अडाणी चालते. लपवणारा नाही चालत."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच पोचलो. सर यायचे होते, किल्ली माझ्याकडे होती. दार उघडलं, पण आत गेलो नाही. सर येईपर्यंत जिन्यावर उभा राहिलो; आता पडद्यावर जे दिसेल ते दोघांना एकदमच दिसावं.