आधी तू खा

म्हसळ्याकडून समुद्राच्या अंगाला उतरलं की डोंगराच्या पोटाशी एक वाडी लागते. तिथल्या शाळेत खिचडी शिजवते ती रखमा. नियम असा, की शिजलेलं अन्न आधी शिजवणारीनं खायचं, मग गुरुजींनी, मग पोरांनी. गुरुजी चमचा जिभेला लावून मोकळे होतात. रखमा मात्र पळीभर खिचडी ताटलीत घेते, पोरांसमोर मांडी घालून बसते आणि चाटूनपुसून खाते. "माझ्या पोटात ऱ्हायली तर तुमच्याबी पोटात ऱ्हाईल," म्हणते.

म्हणून तर तिच्या पोरानं, धम्मदीपनं, पहिल्यांदा ताट तिच्यापुढं सरकवलं आणि "आधी तू खा" म्हणाला, तेव्हा तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही.

धम्मदीप एकुलता. रसायनाच्या कारखान्यात कंत्राटावर होता. शिमग्याला घरी आला तो परत गेलाच नाही. म्हणे, सुपरवायझर माझ्या चहात काहीतरी घालतो. आता सांगा, असल्या कारखान्यांत माणसाच्या अंगात काय काय जातं हे काय लपून राहिलंय? रखमानं पोराचा शब्द खरा धरला. कुणीही धरला असता. पुढं तो म्हणू लागला, तोच माणूस आपल्या विहिरीवर येऊन गेला. मग म्हणू लागला, तोच रात्रभर आपल्या पत्र्यावर बसून बोलतो. तेव्हा रखमानं बाहेर येऊन बघितलं, पत्र्यावर कुणी नव्हतं.

गाव गप्प बसतं होय? शेजारची नीराबाई कुंपणावरून म्हणाली, "देव सोडलेत ना गो तुमी? आता भोगा. भगताला तरी दाखवा."

रखमाचा नवरा धर्माजी पेटला. ह्या गड्यानं तरुणपणी भगताचा उतारा भर रस्त्यात बसून खाल्लेला, नारळाचा तुकडा न् तुकडा. तो गरजला, "आमच्या घरात भूत न्हाय आन् येडबी न्हाय! डॉक्टरच्या बाकावर पोराला बसवून गावाला तमाशा दाखवू काय?" पहिलं अर्धं वाक्य सोन्याचं होतं. दुसऱ्या अर्ध्यानं पोराचं वर्ष गिळलं.

त्या वर्षात रखमा रोज आधी खायची, पोरगा मागून खायचा. ताट रिकामं होत होतं, म्हणून घर चालल्यासारखं दिसत होतं. तिनं सांभाळून घेतलं, आणि त्या सांभाळण्याखाली आजार आरामात वाढला.

मग शाळेत पोरांच्या तपासणीला मृणाल आली. श्रीवर्धनकडची मुलगी, तालुक्याला समुपदेशक. रखमाचं तोंड बघूनच तिनं विचारलं, "मावशी, घरात काय झालंय?" त्या दिवशी स्कूटी सरळ रखमाच्या दारात. धर्माजीला ती म्हणाली, "काका, भगताला तुम्ही भ्यायला नाहीत, मग डॉक्टरला काय भिता? हा आजार आहे. सुरुवातीला धरला तर पोरगं पुन्हा कामाला लागू शकतं. जितका उशीर, तितकं अवघड." धर्माजी आडवा आला नाही.

तालुक्याला महिन्यातून एकदा येणाऱ्या मनाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मृणाल दर आठवड्याला पायरीवर बसून धम्मदीपशी गप्पा मारायची, क्रिकेटच्या, कारखान्याच्या. गोळीबद्दल कधी थाप मारली नाही, झोप येईल हेही सांगून टाकलं. पत्र्यावरचा माणूस गप्प गप्प होत गेला. पोरगा भातलावणीला चिखलात उतरला. धर्माजी बांधावर उभा राहून उगाच खाकरत होता.

आणि मृणाल ज्यात होती तो प्रकल्प संपला. कुठल्याशा संस्थेचा पैसा होता, तो आटला. मृणालचं कंत्राट गेलं. आजाराला मात्र कुणी कळवलं नाही की बाबा, तुझंही कंत्राट संपलं, आता ऊठ!

पुन्हा पत्र्यावर माणूस आला. धम्मदीप गोळी हातात धरून विचारू लागला, "ही कुणी पाठवली?" गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पडून राहिल्या. विचारायला माणूस नव्हतं. रखमाला जन्मात एकच इलाज ठाऊक. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं पोरासमोर त्याची गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली. "बघ. खाल्ली का न्हाय?"

तो समोर बसून तिच्याकडं बघत राहिला. थोड्या वेळानं चुलीपाशी तिचे डोळे जड झाले. हातातली पळी गळाली. ती भिंतीला कलंडली.

जाग आली तेव्हा धम्मदीप तिला गदागदा हलवत होता, रडत होता. "आये, ऊठ! ऊठ ना गो!" तिनं डोळे उघडले तसा तो मागं सरकत कोपऱ्यात गेला. "सांगत होतो ना? तुलाबी मारत व्हते ते."

त्या दिवसापासून घरचं अन्न बंद. बंद पुड्यातली बिस्किटं, तीही स्वतः फोडलेली. पोरगा काडी झाला. शाळेत रखमा आता गुरुजींसारखी चमचा जिभेला लावून मोकळी होऊ लागली. शेवटी तिनं मृणालला फोन लावला. मृणाल आता हरिहरेश्वरच्या एका लॉजच्या काउंटरवर बसते. सुट्टी काढून आली.

"मावशी, त्याची गोळी तुम्ही का खाल्लीत? तुम्हाला काय झालंय?" आधी चिडली. मग पायरीवर धम्मदीपच्या शेजारी बसली. "त्या गोळीनं झोप येते. तुला पण यायची, आठव. आईला सवय नाही, म्हणून ती पडली. विष नाही ते."

त्यानं हातातला बिस्किटाचा पुडा उलटसुलट फिरवला. मग म्हणाला, "तू परत येणार?"

मृणालला थाप मारता येत नाही. "सुट्टी मिळाली तर."

संध्याकाळी रखमानं भात वाढला, सुकटीचं कालवण घातलं आणि सवयीनं ताट त्याच्यापुढं ठेवलं. तो बिस्किटाच्या पुड्याकडं बघत राहिला. मग एका बोटानं त्यानं ताट तिच्याकडं सरकवलं.

"आधी तू खा."

वर्षभर ह्याच शब्दांनी तिला पोखरलं होतं. आज तेच ऐकून ती लगेच मांडी घालून बसली. तिनं घास घेतला. कालवण अळणी होतं, मीठ घालायचं राहून गेलेलं. तरी तिनं दुसरा घास घेतला आणि ताट परत सरकवलं. पोरगा चार घास जेवला.

गोळ्यांची पट्टी वर फळीवर होती, आजची गोळी तिच्यातच. तिकडं कुणीच बघितलं नाही.