मी पेटी वाजवते, असं सांगितलं

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात त्या दिवशी स्पर्शाचा प्रयोग होता. एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं कंपासची दोन टोकं तिच्या बोटावर हलकेच टेकवायची, आणि डोळे मिटलेलीनं 'एक' की 'दोन' ते सांगायचं. टोकं जवळ आणत गेलं की कुठेतरी दोनाचं एक वाटायला लागतं. ते अंतर लिहून ठेवायचं. माझी जोडीदार नाशिक रोडची, माझ्याच बाकावर बसणारी.

माझी पाळी आली तेव्हा मी 'दोन', 'दोन' म्हणत राहिले.

"ए, बघतेयस ना तू?" म्हणत तिनं माझ्या डोळ्यांवर तिची ओढणी बांधली. तरी दोनच. टोकं जवळजवळ चिकटली तेव्हा कुठे मी 'एक' म्हटलं.

मॅडमनी अंतर पाहिलं, मग माझा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट उलटून पाहिलं. "वाजवतेस का काही? सतार, व्हायोलिन?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "पेटी."

"ही पेटी वाजवते!" जोडीदार ओरडली. "आणि गॅदरिंगला कोपऱ्यात बसून असते. थांब आता!"

पेटीला मी आयुष्यात हात लावलेला नाही. सिन्नरला आमच्या घरी आई विड्या वळायची, आणि शाळेतून आल्यावर मीही तिच्याशेजारी बसून वळायचे. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. आई सुपाकडे बघायचीच नाही. दाराबाहेर बघत शेजारणीशी बोलायची, बोटं आपली चालू. मी वळलेली विडी ती चिमटीत धरून एकदाच दाबायची.

"पोकळ हाय. उसव."

"आधी बघ तरी!"

"बघून काय कळतंय? डोळ्याला सगळ्या सारख्याच."

फार राग यायचा. पण दोन-तीन वर्षांनी मलाही दाबल्याबरोबर कळायला लागलं. कसं कळतं ते मात्र सांगता यायचं नाही.

ते मॅडमनी त्या दिवशी सांगितलं. फळ्यावर मेंदू काढला. आपल्या कातडीचा मेंदूत एक नकाशा असतो, म्हणाल्या. एखादं बोट रोज बारीक काम शिकत गेलं, की त्या बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणाऱ्या पेशी बदलतात. जास्त पेशी उत्तर द्यायला लागतात, बारीक फरकही ओळखतात. "बोट तेच असतं गं. आत ऐकणारे वाढतात."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. कारण असं खोटं मी आधीही एकदा बोलले होते.

गेल्या वर्षी आई दवाखान्यात होती. शेवटचे काही दिवस ती डोळे उघडत नव्हती, बोलत नव्हती. बोटं मात्र चादरीवर चालू होती. सिस्टर म्हणाली, "मावशी जप करतायत वाटतं." मी "हो" म्हटलं. समोरच्या खाटेवरच्या बाईंनी ते ऐकलं आणि आपली तुळशीची माळ आणून आईच्या हातात दिली. आईनं एक मणी चाचपला, दुसरा चाचपला, जणू पानाची कड शोधत होती, आणि माळ सोडून दिली. बाईंनी ती पुन्हा हातात दिली. पुन्हा खाली पडली. ती विड्या वळतेय, एवढंच म्हणायचं होतं, तेही मी म्हटलं नाही.

बाई गेल्यावर मी माझी करंगळी तिच्या चिमटीत ठेवली. तिनं ती वळली, दाबली, सोडली. परत धरली. वळली, दाबली, सोडली. चांगली म्हणून सुपात टाकली, की पोकळ म्हणून उसवायला घेतली, ते मला कळलं नाही. अजून कळत नाही. बसमध्ये दांडा धरलेला असतो, नाहीतर जेवायला बसलेली असते, आणि करंगळीच्या पेरावर तो दाब येतो. शेजारी कुणी असेल म्हणून मी बघते.

पुढच्या आठवड्यात जर्नल तपासायला द्यायचं होतं. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला जर्नलमध्ये 'प्रयुक्त' म्हणतात. जोडीदारानं लिहिलं होतं, 'प्रयुक्त लहानपणापासून पेटी वाजवते.' सही व्हायच्या आधी मी मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, मी पेटी नाही वाजवत. मी विड्या वळत होते. आईबरोबर."

त्यांनी सहीचं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अजून वळतेस?"

"आई गेल्यापासून नाही." मग मीच विचारलं, "काम सोडलं की त्या पेशींचं काय होतं?"

"हळूहळू दुसऱ्या कामाला लागतात."

"किती दिवसांत?"

"ते असं सांगता येत नाही गं."

वर्षभर मला तो दाब नको होता. पेशी दुसऱ्या कामाला लागल्या की तोही एक दिवस जाईल, असं पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं, आणि मी करंगळी मुठीत घट्ट धरून उभी होते.

बाकावर आले तेव्हा जोडीदारानं ऐकलेलं होतं. "शहाणे, गॅदरिंगला नाव देऊन आलेय मी तुझं," ती म्हणाली, पण हळू. 'पेटी' खोडली. पेन तिथेच धरून तिनं विचारलं, "काय लिहू? 'वळते' की 'वळायची'?"

"वळते," मी म्हटलं.