बापूकाकांच्या पिकअपचा काटा

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. आईला नाही, आमच्या कामगार संघटनेत तर नाहीच. तुला सांगतेय — आणि तरी आधी पिकअपबद्दलच बोलावंसं वाटतंय, बघ.

ठाकुर्लीला आमच्या शेजारी बापूकाका राहतात. त्यांची निळी डिझेल पिकअप वयाने माझ्याहून मोठी. संघटनेचा भोंगा, सतरंज्या, पत्रकांचे गठ्ठे — सगळं तिच्यातूनच जायचं. त्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. ‘जाब द्या’ हे माझे पहिले शब्द असावेत. डिझेलचा काटा कधीचाच मेलेला. काकांनी झेंड्याच्या जुन्या काठीला खाचा पाडल्या होत्या. ती टाकीत बुडवायची, ओल कुठल्या खाचेपर्यंत आली ते बघायचं आणि निघायचं. मी हसायचे.

मग टाकी तळाला गंजून ठिबकायला लागली. कल्याणच्या भंगारवाल्याकडून दुसरी आणली, वर नवा फ्लोट — तारेच्या टोकाला तरंगणारा डबा, डिझेल किती ते काट्याला कळवणारा. फ्लोट मीच बसवणार, म्हटलं.

“बसव की,” काका म्हणाले. “मालकांना घाम फोडतेस, चार स्क्रू काय जड तुला?”

टाकीच्या तोंडाशी तार अडली. मी रेटली. ती वाकली — हाताला कळलं होतं मला, हे लपवणार नाही. टाकी चढली, वायरी जोडल्या. काका गाडीखाली पट्टे आवळत होते, मी वर चावी फिरवली.

“काटा कुठाय गं पोरी?”

टाकी कोरडी होती. काटा पावावर होता, पाव टाकी डिझेल आहे असं दाखवत.

“शून्यावर,” मी म्हटलं.

का? चार स्क्रू पुन्हा काढायचे होते, एवढंच. काकांनी काठी माळ्यावर टाकली. भेटेल त्याला सांगायचे — पोरीने बसवलंय, आता काठी कशाला?

महिन्याभराने माजिवड्याला गेटसभा होती, कामावरून काढलेल्यांची. पुलाच्या चढावर पिकअप थांबली. डिझेल गाडी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते, नुसतं डिझेल ओतून भागत नाही. भोंगा पोचला तेव्हा माणसं पांगली होती.

बैठकीत काका म्हणाले, “काटा तर पावावर...” मग माझ्याकडे बघितलं. स्वतःशीच मान हलवली. “नाही. माझ्याच बघण्यात चुकलं.”

“बापू, वय झालं आता. चावी द्या,” कुणीतरी म्हणालं. त्यांनी दिली. तीस वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू न दिलेली चावी. इतिवृत्त मी लिहीत होते. ‘चालकाचा निष्काळजीपणा’ — अक्षर माझं आहे.

पुढच्या रविवारी, कुणी नसताना, मी चार स्क्रू काढले आणि तार सरळ केली. दहा मिनिटं लागली.

नंतर काकांनी माळ्यावरची काठी काढून टाकीत बुडवून बघितली. काठी अर्धी ओली, काटा अर्ध्यावर. “बघ,” मला म्हणाले, “तुझं काम चोख आहे. माझेच डोळे गेले.”

तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आता दुसरं कुणीतरी चालवतं. काका बाजूच्या सीटवर बसतात, गठ्ठा मांडीवर घेऊन. काल माझं नवं पत्रक वाचलं त्यांनी — कंपनीने चूक कबूल करावी म्हणून लिहिलेलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. “आग आहे पोरी, आग,” म्हणाले.

काटा पावावर होता. मी शून्य सांगितलं.