आवारापुरती दूरस्थ सेवा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दूरस्थ सेवा सुरू झाली, त्या दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि हार घातला. हार इतका दांडगा की स्क्रीनवरचं काही दिसेना. त्यामागं जे काय उघडलं असेल, त्याला आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालसाहेब म्हणाले, वाचकाला आता सोलापुरात यायची गरजच नाही. काउंटरवर शिक्के मारणारी मी, मलाही जरा भरून आलं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी फर्मान काढलं. जी पुस्तकं मोबाईलवर आली, ती घरी द्यायची नाहीत. सेवा असताना पुस्तकं कशाला झिजवायची? ती कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडं आली.

रेल्वेनं यावं लागतं अशा लांबच्या केम गावची एक मुलगी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. लग्न झालेलं, कडेवर चार महिन्यांचं बाळ. परीक्षा आठवड्यावर आलेली आणि तिला एकच पुस्तक हवं होतं. मी मोठ्या ऐटीत ते तिच्या मोबाईलवर उघडून दिलं. ती हरखून गाडीला गेली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, हितं उघडंना झालंय की!"

साहेब म्हणाले, मोबाईल घेऊन बोलवा. बिचारी आली. आमच्याकडं एका बोटासरशी उघडलं. केमला गेली, पुन्हा बंद. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. आमची दूरस्थ सेवा ग्रंथालयाच्या वायफायवरच चालत होती. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की खलास. हे साहेबांना सांगितलं, तर ते दचकले. "शनिवारी तपासणी समिती येतेय. तोवर तोंड उघडू नका."

मी उघडलं नाही. शनिवारी मुलगी बाळाला घेऊन पुन्हा आली, कारण सोमवारी पेपर होता. एका मांडीवर बाळ थोपटत ती मोबाईलवर वाचत बसली. समिती नेमकी तिच्यापाशी थांबली.

"दूरस्थ सेवा वापरता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय सर."

"कुठून?"

"केमवरनं येते की. घरी उघडत न्हाय, म्हणून हितं येऊन वापरते."

मी डोळे मिटून घेतले. पण साहेब मुरलेले. "बघा सर, किती लांबलांबचे वाचक लाभ घेतात!" अध्यक्षांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि सगळे काजू खायला आत गेले. मला असा संताप आला म्हणता! त्यातला निम्मा माझ्यावरच, कारण कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

गाडीची वेळ झाली तशी ती काउंटरपाशी आली. "अर्धंच झालं मॅडम. उद्या उघडं असतंय का?"

"उद्या रविवार."

ती बाळाची दुपटी पिशवीत कोंबायला लागली. मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि दुपट्यांखाली सारलं. रजिस्टरला हातही लावला नाही.

"अवो मॅडम, सर लई ओरडतील की तुमाला."

"ओरडू देत," मी म्हणाले. "इतकी वर्षं पुस्तकं नुसती सांभाळली. एखादं वाचलं जाऊ दे."