आजोबांनी अंडी घातली

महाराष्ट्र राज्य नवं होतं, तेव्हा मेहकरला आमच्या शेजारी तहसिलीतले एक कारकून राहत. त्यांच्या परसात कासवं होती आणि प्रत्येकाचे आईबाप, वजन, दुखणीखुपणी वहीत नोंदलेली असत. बोलताना ते प्रत्येक वाक्यानंतर शाई वाळायची वाट पाहिल्यासारखे थांबत. कोणी कासव मागितलं की विचारत, "तुमच्या मादीचं घराणं कोणतं? एका रक्तात सोयरीक नाही जमत."

अशी चौकशी करूनच त्यांनी जानेफळच्या एका गुरुजींना नर दिला होता. त्याचा बाप म्हणजे परसातलं सगळ्यात थोराड कासव. त्याला सगळे आजोबा म्हणत.

एका सकाळी आजोबांनी माती उकरून चार अंडी घातली. मी हसून बेजार झालो. कारकून मात्र वही उघडून खाली बसले.

"इतकी वर्षं मी खोटं लिहून राह्यलो."

"जाऊ द्या ना, कोणाले कळते?"

"मले कळलं ना!"

रजा टाकून ते लगेच जानेफळला निघाले. मीही सोबत गेलो. अंगणातच त्यांनी हात जोडले. "गुरुजी, तुमच्या जावयाचा बाप कोण, मले माहीत नाही. म्हणत असाल तर परत नेतो."

गुरुजी भाजी निवडत होते. त्यांनी टाकलेला देठ कासवानं ओढून नेला.

"खाऊन राह्यला, नांदून राह्यला," गुरुजी म्हणाले. "आता बाप काऊन पाहिजे?"

कारकुनांनी वही उघडली, बापाचं नाव खोडलं आणि शेजारी शेरा मारला, 'गरज नाही.'