पाटीवर मावलेला सारांश

मंडळी, आज दुपारी वर्गात जे झालं ते तुम्हा मास्तर लोकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेत कापसाच्या मळ्यावर एक गुलाम होता. तो पळाला आणि पुढे जन्मभर गावोगाव गुलामीविरुद्ध बोलत फिरला. त्याचं चरित्र मी चार दिवस मुलांना वाचून दाखवलं. आज म्हटलं, पाटीवर मावेल एवढा सारांश लिहा.

पाटलाच्या मुलाने लिहिलं, 'एक सालदार साल पुरं व्हायच्या आत पळाला. मालकाचा कापूस वावरातच राहिला.' बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

मी म्हटलं, अरे, सालदार वर्षाच्या बोलीवर राहतो. याला तर विकत घेतलं होतं.

"मंग तं पळाचंच नोतं, गुर्जी," तो शांतपणे म्हणाला. "आन् तेही ऐन वेचणीत."

अमेरिकेत गुलामीवरून चाललेल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून यंदा आपल्या अकोटच्या कापसालाही सोन्याचा भाव आलाय. वेचणीपलीकडे कोणाला काही दिसत नाही.

माझी सगळी आशा गणूवर होती. त्याचा बाप त्याच पाटलाकडे सालदार आहे. गणूच्या पाटीवर दोनच शब्द होते, 'पळू नये.'

"कावून रे?" मी विचारलं.

"माहा बाप पळाला तं त्याच्या जागी मले जुंपतीन."

मी पाटी परत दिली. उद्यापासून गणूही वेचणीला जाणार आहे.

त्या दोन शब्दांत काय दुरुस्त करायला हवं होतं, तुम्हाला सुचलं तर कळवा.