वाटीवर आडवा हात

जगातली निम्मी युद्धं वाढप्यांच्या चुकीमुळे झाली आणि उरलेली निम्मी वेळेवर पानं घेतली असती तर टळली असती, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे. ते माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो आणि ते मला लग्नाच्या दिवसापासून जावईबापू म्हणतात. या संबोधनातल्या मानावर जाऊ नका. "जावईबापू, गाडी काढा!" असा फोन आला की समजायचं, कुठल्यातरी देशाचं शिष्टमंडळ डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरतंय आणि त्याच्या बॅगा माझ्या मिनीव्हॅनमध्ये चढायच्या आहेत.

ऐन उमेदीत काका मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात होते, मग इकडे मोटारींच्या धंद्यात आले आणि निवृत्त होऊन डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात स्थिरावले. स्थिरावले हे आपलं म्हणायचं. अमेरिकेची आणि अरब देशांची धोरणं ठरवणाऱ्या माणसांना एकत्र बसवून बोलतं करणारी एक छोटीशी संस्था इथे आहे. तिने काकांना सल्लागार नेमलं आणि तेव्हापासून मावशींच्या घराचं मंगल कार्यालय झालं. अशा बैठका खरं तर वॉशिंग्टनला व्हायच्या, पण काकांना ते पटत नाही. "वॉशिंग्टनला माणसं भाषणं करायला जातात. बोलायचं असेल तर ट्रॉयला या," असं ते त्या संस्थेच्या विश्वस्तांना तोंडावर सांगून आले आहेत.

त्यांच्या पद्धती कुठल्याही परराष्ट्र खात्यात शिकवत नाहीत. विमानतळावर ते भर उन्हाळ्यातही हातावर एक जाडजूड कोट घेऊन उभे असतात, कारण वाळवंटातून आलेल्या माणसाला मिशिगनचा भरवसा नसतो. एका पाहुण्याने जुलै महिन्यात तो कोट भिडेखातर घातला आणि घामाघूम होऊन हॉटेलपर्यंत आला. काकांची अरबी ही तर स्वतंत्र गंमत आहे. तिच्यात ख्यालीखुशाली विचारण्याचे शब्द भरपूर, आणि बाकीचे सगळे पंप, व्हॉल्व्ह आणि गळती यांच्याबद्दलचे. गाडीत राजकारण काढायला बंदी. पन्नाशीपुढच्या कुठल्याही दोन माणसांत तह करायचा तर सुरुवात गुडघ्यांपासून करावी, या मताचे ते असल्यामुळे अमेरिकन सिनेटरांच्या सल्लागारापासून अरब राजदूतापर्यंत सगळ्यांच्या गुडघ्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती आहे. जेवायला ते दोन पक्षांना समोरासमोर बसू देत नाहीत. एक इकडचा, एक तिकडचा असं शेजारी बसवतात आणि दोघांच्या मध्ये लोणच्याची एकच वाटी ठेवतात. "समोर बसला की माणूस मुद्दे मांडतो. शेजारी बसला की 'जरा लोणचं सरकवा' म्हणतो. तिथून पुढे सगळं सोपं." त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, वकिली करणारी. ती कपाळाला हात लावते. "बाबा, दिस इज डिप्लोमसी, नॉट अ वेडिंग!" त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर असतं, "फरक सांग."

पण त्यांचा सगळ्यात मोठा सिद्धांत नकाराबद्दलचा. त्यांच्या मते पहिला नकार सभ्यतेचा असतो, दुसरा संकोचाचा, आणि तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय माणसाला खरोखर काय हवंय ते कळतच नाही. माझ्या ताटात आजवर पडलेल्या पुऱ्या या सिद्धांताला साक्ष आहेत.

गेल्या वर्षी हा सिद्धांत पणाला लागला. एका अरब देशाचे पाणीपुरवठा खात्याचे उपमंत्री आणि त्यांची माणसं आली होती. इकडून वॉशिंग्टनच्या काही सल्लागारांचा चमू होता आणि त्याच्या प्रमुख मिनेसोटाच्या एक उंच, अबोल बाई होत्या. या भेटीतून पुढची भेट ठरली नाही तर हा उपक्रम बंद करायचा, असं विश्वस्तांनी काकांना आधीच कळवलं होतं. आणि भेट तर पार फसली. बैठकीच्या खोलीत काकांना प्रवेश नव्हता. ते बाहेर चहाच्या किटलीपाशी बसून आतून येणाऱ्यांचे चेहरे वाचत होते आणि चहा देता देता आतली हकीकत काढून घेत होते. शेवटच्या संध्याकाळी सगळे घरी जेवायला यायच्या आधी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाईंनी विचारलं, आमचे इंजिनियर तुमच्या शहरातली पाणीगळती शोधायला पाठवू का? उपमंत्री म्हणाले, नको, तुम्हाला कशाला त्रास. बाई म्हणाल्या ओके, आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. एकदाच विचारलं हो, जावईबापू! आता उपमंत्री म्हणतात बाईंना मनापासून द्यायचं नव्हतं, आणि बाई म्हणतात उपमंत्र्यांना नकोच होतं. माझं दुकान बंद!" एरवी मी त्यांची थट्टा करतो. त्या दिवशी माझ्याच्याने झाली नाही.

मग त्यांनी बेत सांगितला. जेवताना उपमंत्र्यांना भरपूर आग्रह करायचा. ते दोनदा नको म्हणतील, तिसऱ्यांदा घेतील, आणि शेजारी बसलेल्या बाईंच्या डोक्यात प्रकाश पडेल.

मावशींनी श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. काका श्रीखंडाचं पातेलं घेऊन उपमंत्र्यांपाशी गेले. पहिल्यांदा नको. दुसऱ्यांदा नको. तिसऱ्यांदा काकांनी डाव पुढे केला तेव्हा उपमंत्र्यांनी वाटीवर हात आडवा धरला आणि शांतपणे म्हणाले, "मला मधुमेह आहे. खरंच नको."

काकांचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभराचा सिद्धांत त्या वाटीशी येऊन आपटला होता. त्यांच्या हातातलं पातेलं मावशींनी काढून घेतलं आणि बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "नो थँक यू, पोट भरलं." मावशींना इथे राहून नको म्हणजे नको अशी सवय झालेली. त्या पातेलं घेऊन पुढे निघाल्या.

"थांबा," उपमंत्री म्हणाले. "यांना परत विचारा. यांची नजर अजून पातेल्यावर आहे."

बाई कानापर्यंत लाल झाल्या आणि मग खळखळून हसल्या. त्या अबोल बाईंचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "आमच्या मिनेसोटात तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणतात," त्या म्हणाल्या. "आधी म्हटलं तर आई रागवायची."

पंगतीत सगळे हसले. उपमंत्री मात्र हसले नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला. "मग काल मला तुम्ही एकदाच का विचारलंत?"

बाई म्हणाल्या, "मी अमेरिकेतर्फे विचारत होते. पुन्हा विचारलं असतं तर तुम्हाला तो आग्रह वाटला नसता. दबाव वाटला असता."

उपमंत्र्यांनी मान डोलावली. ते खरंच होतं, आणि ते कुणीतरी बोललं याचंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "इथे मला तुम्ही अमेरिका वाटत नाही," ते म्हणाले. "विचारा."

बाईंनी विचारलं. ते म्हणाले, "छे, तुम्हाला कशाला त्रास!" मागे काका उभे राहून बाईंना डोळ्यांनी खुणावत होते. बाईंनी पुन्हा विचारलं. उपमंत्री म्हणाले, "बरं, एवढं म्हणताय तर. पण इंजिनियरांच्या आधी तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं." काका वळून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

या वसंतात तिकडून बोलावणं आलं. बाईंच्या चमूला आलं तसं काकांनाही आलं. काका म्हणाले, "नको. गुडघे धरलेत, एवढा प्रवास झेपायचा नाही." उपमंत्र्यांनी स्वतः फोन केला. काका म्हणाले, "नको हो, माझं काय काम तिथे." हा नकार मधुमेहाचा की मिनेसोटाचा, आम्हाला कुणालाच कळेना. शेवटी त्यांची मुलगी त्यांच्या खुर्चीशी येऊन बसली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, मी थर्ड टाइम विचारते. जायचं? मी येते बरोबर." काका खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "एवढं म्हणतेस तर."

गाडी अर्थातच मी काढली. विमानतळावर काकांच्या हातावर तो जाडजूड कोट होताच. सुरक्षा तपासणीच्या रांगेपाशी ते वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हीपण चला की, जावईबापू."

"नको हो काका, ऑफिस आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि मुलीने त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं. कोट दिसेनासा झाला तरी मी तिथेच उभा होतो, त्यांनी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत.